पारूच्या मानेवरची पिसं

वन्सं,

काल शेवटचे पाहुणे गेले. आज सकाळी घरात भांड्यांचा आवाज ऐकू आला आणि मग लक्षात आलं, तो मीच करतेय.

इतके दिवस माणसांची रीघ होती. जो येई तो तुमच्या शिस्तीबद्दल बोले. ‘बाई फार कडक हो.’ ‘बाईंची सावली व्हरांड्यात पडली की पोरांचे पाढे आपोआप सुरू व्हायचे.’ ह्यांच्या स्टेशनवरचे एक जण तर हात जोडून म्हणाले, ‘ताईंना आम्ही कधी हसताना पाहिलं नाही.’ मी रिकामे कप घेऊन आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसले. सुतकात असं हसू नये, ठाऊक आहे मला. पण मला तुम्ही दिसत होतात, मागच्या पायरीवर बसलेल्या, तोंडात पदराचा बोळा, डोळ्यांतून पाणी, आणि हातानं खुणावताय की पुरे, पुरे, मरेन मी आता.

कोंबड्यांचा विषय मात्र कोणी काढला नाही. मरणाच्या घरी कोंबड्यांबद्दल काय बोलायचं, असं वाटलं असेल. फक्त शेजारच्या कोकिळाबेन आल्या, माझ्याजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, “मालूबेन गेल्या. आता त्या पोरींचं कसं?” मग आम्ही दोघी रडलो. तोवर मी रडले नव्हते.

म्हणून हे लिहितेय. शिस्तीबद्दल बाकीचे बोललेच आहेत.

मी लग्न होऊन सरावलीच्या या घरात आले ती ऐंशीच्या पुढची वर्षं. सिन्नरकडची मुलगी मी, कोरड्या हवेत वाढलेली. इथं मिठाला पाणी सुटायचं, काड्यापेटी पेटायची नाही, आणि बाजारात भाव विचारला की उत्तर अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत यायचं. हे डहाणू रोडला बुकिंग क्लार्क. पाळी कधी दिवसाची, कधी संध्याकाळची. तुम्ही तर उजाडायच्या सुमारास डबा आणि छत्री घेऊन निघायच्या. आधी तलासरीची एसटी, तिथून झरीच्या शाळेपर्यंत मिळेल ते वाहन. परत यायला दिवेलागण. दिवसभर घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

तुम्ही वाईट वागला असतात तर बरं झालं असतं, माहेरी लिहायला काहीतरी मिळालं असतं. पण तुम्ही कशालाच नाव ठेवलं नाहीत. आमटी खारट झाली तरी गप्प जेवायच्या, आपलं ताट आपण घासायच्या आणि वह्या तपासायला खोलीत जायच्या. “दूध आलं?” “आलं.” मग ह्यांच्याबद्दल, “बाळ जेवला?” “जेवले.” संपलं बोलणं. पहिल्या वर्षात तुमच्यापेक्षा मी मासळीवालीशी जास्त बोलले असेन.

मग एकदा जेवताना तुम्ही जाहीर केलंत, “तलासरीत खोली बघितलीय मी. जाण्यायेण्यात जीव जातो. आणि आता तुमचा संसार आहे.”

पहिलं कारण खरं होतं. दोन-दोन गाड्या बदलून तुमचे पाय सुजायचे, ते मी बघत होते. पण दुसरं वाक्य तुम्ही ताटाकडं बघून बोललात. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आमटीच्या पातेल्याकडं पाहिलं. मोठ्या नणंदेला ‘राहा’ म्हणणारी मी कोण? घर तुमचं, भाऊ तुमचा, मी आलेली. आणि तुम्हाला ‘नको जाऊ’ म्हणणारा भाऊ? त्याला तर तुमच्यासमोर पाणी मागायचीसुद्धा भीती. तेव्हा कोणीच काही बोललं नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही जाणार असं ठरून गेलं.

त्याच आठवड्यात कोंबड्या आल्या.

तुम्ही दारात उभ्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात हलणारं गोणपाट. मी म्हटलं, “वन्सं, चहा टाकते.” तुम्ही म्हणालात, “चहा मागाहून. आधी पाणी आण आणि पसरट काहीतरी आण.”

हकिगत तुम्ही उभ्यानंच सांगितलीत. तलासरीच्या नाक्यावर हायवेला ट्रक बंद पडला होता, वर प्लास्टिकच्या खोक्यांत कोंबड्या भरलेल्या. पोल्ट्रीवरच्या, अंडी द्यायच्या. वर्ष-दीड वर्ष अंडी दिली, आता कमी झाली, म्हणून काढून मुंबईला चाललेल्या. खोकी उन्हात. ड्रायव्हर अर्धमेल्या झालेल्या ओढून रस्त्याच्या कडेला ठेवत होता. तुम्ही तिथं गाडीची वाट बघत उभ्या. तो म्हणाला, “घेऊन जा बाई, नाहीतरी मरतात. रस्सा करा.” तुम्ही त्याच्याकडूनच गोणपाट मागून घेतलंत. एसटीत कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं, तेवढ्यात गोणपाटातून एक मान वर आली. तो म्हणाला, “बाई, ही कोंबडी आहे की गिधाड?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी आयुष्यात इतकी कुरूप जनावरं पाहिली नव्हती. मानेवर पीस नाही, पोट उघडं लालभडक, तुरा पांढराफटक आणि एका डोळ्यावर लोंबलेला. वरची चोच अर्धी कापलेली. नखं इतकी वाढलेली की पाय जमिनीवर सपाट टेकत नव्हते. सहा होत्या, एक पाणी प्यायच्या आधीच गेली. पाच राहिल्या.

हे ड्युटीवरून आले, मागं डोकावले आणि खूश झाले. “वा, रविवारची सोय झाली.”

“बाळ, यांच्या अंगावर तुझ्या करंगळीएवढं मांस नाही.”

“मग आणल्यास कशाला?”

तुम्ही छत्री खुंटीला अडकवलीत. “उन्हात होत्या,” म्हणालात.

याहून मोठं स्पष्टीकरण तुम्ही पुढं कधीही, कोणालाही दिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आपण त्यांना मागच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली सोडलं. केवढं अंगण! पण त्या एकमेकींना चिकटून, ठेवल्या तशा उभ्या राहिल्या. दाणे टाकले तर मान पुढं करून जेवढे पोचतील तेवढे खाल्ले, वीतभर पलीकडचे तसेच पडून राहिले. पाऊल उचलेना एकही. चहुबाजूंनी पिंजरा असल्यासारख्या. तुम्ही कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होतात.

“यांना कोणी सांगितलंच नाही,” तुम्ही म्हणालात.

“काय?”

“सुटलात म्हणून.”

मग माझ्याकडं वळून, प्रश्नपत्रिका वाटावी तसं, “दिवसभर तुलाच बघावं लागेल. अंगावर पिसं आली की देऊन टाकू कोणाला तरी. तोवर खोलीवाल्याला थांब म्हणते. हे अर्धवट टाकून मला जाता येणार नाही.”

असं ते पिसांवर ठरलं.

पुढचे दिवस आठवले की मला अजून गंमत वाटते. या घरात आपली पहिली लांबलचक संभाषणं झाली ती कोंबड्यांच्या विष्ठेवर. तुम्ही छत्री टेकवता टेकवता विचारायच्या, “आज कशी होती?” आणि तुम्ही चपला काढेपर्यंत मी सगळा वृत्तांत द्यायची. कुठली कणी खाल्ली, कोण चालली, कोण पडली. नखं कापताना तुम्ही कोंबडी धरायच्या आणि मी कापायची, कारण नखावर कात्री टेकली की तुम्ही तोंड फिरवायच्या. तुम्हालाही भीती वाटते हे मला तेव्हा कळलं.

चालायला लागल्या, पण त्यांना उकरायला येईना. मातीत किडा असतो, तो पायानं उकरून काढायचा असतो, हे त्यांच्या गावीच नव्हतं. मी बोटानं उकरून दाखवलं. तुम्ही काठीनं उकरून दाखवलंत. त्या आपल्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. शेवटी तुम्ही म्हणालात, “आपल्याला विषय येत नाही. शिक्षिका आणायला हवी.”

पलीकडच्या चिकूवाडीत लक्षी कामाला यायची. तिची एक तांबडी गावठी कोंबडी तुम्ही मागितलीत. लक्षीनं आपला वर्ग पाहिला आणि तोंडाला हात लावून हसत सुटली. “बाय, या कोंबड्या हायेत का म्हातारीच्या बाहुल्या? नेस माझी. पण ती मारकी हाय.”

मारकी म्हणजे किती! आल्या आल्या तिनं पाचही जणींना ओळीनं टोचून काढलं. मी सोडवायला धावले तर तुम्ही मला अडवलंत. “थांब. पहिला तास ओळखीचा असतो.” मग तांबडी अंगणाच्या मधोमध गेली, दोन्ही पायांनी माती अशी उडवली की तुमच्या पांढऱ्या साडीवर आली, आणि एक गांडूळ खेचून काढलं. पाच मुंड्या एकदम वळल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यात बारकी, मानेवर एकही पीस नसलेली, एका पायानं माती खरवडत होती. हाती काही लागत नव्हतं, पण खरवडत होती. तुम्ही लक्षीला सांगितलंत, “तुझी कोंबडी अजून थोडे दिवस राहील. तिची नेमणूक आमच्याकडं झालीय.”

त्या बारकीला मी पारू म्हणायला लागले. तुम्हाला ते आवडलं नव्हतं. “नाव कशाला? नाव दिलं की लळा लागतो.” मी म्हटलं, “पिसं आल्यावर द्यायच्याच आहेत ना? मग देताना सांगायला बरं.”

आणि मग तो दिवस. तुम्ही शाळेत, हे ड्युटीवर. मी तांदूळ निवडत होते. बघते तर पारू झाडाच्या बुंध्याशी मातीत आडवी पडलेली, पंख पसरलेले, एक पाय झटकतेय, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, झटका आला. मी ओरडले. कुंपणापलीकडून कोकिळाबेन धावत आल्या. त्या तर कोंबड्या आल्यापासून नाकाला पदर लावून होत्या, “आमच्या घरात कांदा पण नाय, आणि भिंतीला लागून या मरघ्या!” पण आल्या. पारूकडं बघून कपाळावर हात मारून म्हणाल्या, “आ तो मरी जाय छे!” आत जाऊन त्यांनी देवाजवळची गंगाजळाची लोटी आणली. मी पारूचं डोकं धरलं, त्यांनी चोचीत दोन थेंब सोडले, आणि ‘श्रीकृष्ण शरणम्’ सुरू केलं.

पारूनं डोळे उघडले. आम्हा दोघींकडं अतिशय रागानं पाहिलं. उठली, अंग असं झाडलं की दोघींच्या तोंडावर माती, आणि चार पावलं पलीकडं जाऊन पुन्हा तशीच आडवी पडली. कोकिळाबेनचं नामस्मरण अर्ध्यावर थांबलं. “सुनंदाबेन,” त्या म्हणाल्या, “ही तर न्हाते.”

धुळीची आंघोळ! पिंजऱ्याच्या जाळीवर धूळ कुठली? जन्मात पहिल्यांदा ती अंग घासून न्हात होती, आणि आम्ही तिला गंगाजळ पाजत होतो.

तुम्ही आलात तेव्हा मला राहवेना. तुम्ही चपला काढायच्या आत मी मागच्या अंगणात जमिनीवर आडवी पडून पारू कशी पडली होती ते करून दाखवलं. पाय झटकून दाखवला. कोकिळाबेन कशा बसल्या, ते केलं. पारूनं कसं पाहिलं, ते केलं. आणि तुम्ही, वन्सं, पायरीवर बसलात. आधी खांदे हलले. मग पदर तोंडात गेला. मग आवाज फुटला. कुंपणापलीकडून कोकिळाबेनचा आवाज आला, “मालूबेन, हसू नका हां, मी खरंच घाबरली होती!” त्यावर तर तुम्ही भिंतीला टेकलात. मला मातीतून उठवायला हात दिलात आणि माझ्या केसांतली पानं काढत म्हणालात, “वेडी आहेस तू, सुनंदा.” या घरात त्या दिवशी मी आले. लग्न आधी झालं होतं, एवढंच.

पिसं येत गेली. एकेकीचा तुरा लाल होऊन ताठ झाला. अंगावर पांढरीशुभ्र पिसं आली. आजूबाजूची माणसं मुद्दाम बघायला यायला लागली. लक्षी म्हणाली, “बाय, या तर मडमा झाल्या!” एकीनं अंडंही दिलं, कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्यातलं. मग तुम्ही रविवारी डहाणूच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपल्या आणायला लागलात आणि वरवंट्यानं कुटून घालायला लागलात. वरवंटा माझा मसाल्याचा होता.

आणि खोलीवाल्याचा निरोप आला की आता आणखी थांबवत नाही, घेता की दुसऱ्याला देऊ?

आपण दोघी पायरीवर बसलो होतो. कोंबड्या अंगणभर पसरलेल्या. तुम्ही म्हणालात, “पिसं आली सगळ्यांना.”

मी म्हटलं, “पारूच्या मानेवर अजून नाहीत.”

तुम्ही पारूकडं पाहिलंत. मीही पाहिलं. पारूच्या मानेवर पिसं होती, वन्सं. भरपूर होती. उन्हात चमकत होती.

“हो,” तुम्ही म्हणालात. “मानेवर अजून नाहीत.”

खोली दुसऱ्याच कोणा गुरुजींनी घेतली. तो विषय पुन्हा निघाला नाही, ना तेव्हा, ना पुढच्या बारा-तेरा वर्षांत. पाय सुजले की मी रात्रीचं गरम पाणी ठेवायचे. ते तुम्ही घ्यायच्या. पण मी तुम्हाला ‘राहा’ असं कधी म्हटलं नाही आणि तुम्ही ‘राहू का’ असं विचारलं नाहीत. आज म्हणते. राहा होतं ते. पारूची मान नव्हती. तुम्हाला कळलं होतंच, पण तरी एकदा तोंडानं म्हणायचं माझं राहिलं होतं.

पुढं आमची मीनू झाली. तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबाही नव्हता, ‘पालू’ होता, आणि याचा तुम्हाला झालेला आनंद मला जरा जास्तच वाटला होता.

पारू नक्की कोणाची, हा आपला वाद मिटलाच नाही. ती माझ्या मांडीवर बसायची, पण तुमच्या गाडीची वेळ झाली की फाटकाशी जाऊन उभी राहायची. मी म्हणायचे, दाणे मी घालते, ती माझी. तुम्ही म्हणायच्या, “पोटासाठी कोणीही येतं. वाट कोणाची बघते ते बघ.”

ती आजारी पडली तेव्हा तुम्ही नोकरीतली पहिली रजा टाकलीत, आठवतं? अंडं अडलं होतं तिचं. शेपूट पडलेली, पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली. जनावरांच्या दवाखान्यात आपण तिला टोपलीतून नेलं. डॉक्टर हसले. “एका कोंबडीसाठी? बाई, दुसरी घ्या.” तुम्ही चष्मा सारखा केलात. “पोराला ताप आला तर मी दुसरं पोर घेत नाही, डॉक्टर.” मग त्यांनी निमूट सांगितलं, कोमट पाण्यात बसवा, एरंडेल लावा, शेकत राहा.

शाळेत तुम्ही कळवलं होतंत, घरचं माणूस आजारी आहे. ज्या बाईंनी तापातसुद्धा कधी रजा घेतली नाही, त्यांनी रजा घेतली म्हणजे प्रकरण गंभीर. संध्याकाळी तुमचे मुख्याध्यापक दारात, हातात मोसंब्यांची पिशवी, चेहरा पडलेला. “बाई, कशा आहेत आता?”

मी दारातच उभी. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, “या ना. मागं आहे.”

मागं घमेल्यात कोमट पाण्यात पारू बसलेली, डोक्यावर ओलं फडकं. मुख्याध्यापक बघत राहिले. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, धोतर सावरून घमेल्याशी उकिडवे बसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “किती वेळ झाला?” चांगला माणूस. मग आपण तिघं तिथं बसून राहिलो. तुम्ही तिच्या पोटावरून हात फिरवत होतात आणि पुटपुटत होतात, “कर बाळा, कर, जमेल.” आणि एकदम पारू ताठ झाली, पाणी हललं, आणि घमेल्याच्या तळाशी अंडं. मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली हो! नंतर मान वळवून डोळे पुसले. मोसंबी आपण सोलून खाल्ली. पारूलाही एक फोड दिली. ती तिनं थुंकली.

त्यानंतर ती आणखी दोन उन्हाळे जगली. अशा कोंबड्यांच्या मानानं पुष्कळ. गेली तेव्हा फाटकाशीच होती. तुम्ही खड्डा स्वतः खणलात आणि त्या दिवशी जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणालात, “पहिल्या पोरी जिथल्या, त्या पोल्ट्रीवर विचारून येते.” पुढं तलासरीच्या आतल्या त्या पोल्ट्रीचा मॅनेजर शेड रिकामी करायची वेळ आली की तुम्हाला आधी कळवायला लागला. तुम्ही सहा आणायच्या. नेहमी सहाच, खुराड्यात मावतील तेवढ्या. निवडायच्या कशा? सगळ्यांत वाईट दिसणाऱ्या.

घरात कोंबडी शिजायची बंद झाली. ह्यांनी कुरकुर केली, मग रेल्वे कँटीनमध्ये सोय लावली. पण मासळी मात्र तुम्ही चवीनं खायच्या. त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, “वन्सं, कोंबडीला जीव आहे आणि बोंबलाला नाही?” तुम्ही काटा काढत म्हणायच्या, “बोंबलाशी माझी ओळख नाही.” “मग करून घ्या ओळख.” “आधी जेवू दे.” दर शुक्रवारी हेच.

शेवटचं भांडणही तेच. गेल्या महिन्यात धाप लागायला लागली आणि तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा. डॉक्टरांनी पेजेशिवाय काही देऊ नका म्हणून सांगितलेलं. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार. मी कान तोंडाशी नेला.

“सुनंदा, सुक्या बोंबलाची चटणी आणशील?”

“वन्सं, त्याला जीव नव्हता का?”

तुम्ही श्वास गोळा केलात. “असेल. मला कधी बोलला नाही.”

मी दुसऱ्या दिवशी बारीक वाटून, तिखट न घालता आणली. दोन घास पेजेबरोबर खाल्लेत आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईला म्हणालात, “माझी भावजय. हिच्या हाताला चव आहे.” आमटी खारट झाली तरी न बोलणाऱ्या तुम्ही, माझ्या हाताबद्दल बोललात ते तेव्हाच. तुमच्या त्या बोंबलाच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर होतं, वन्सं. द्यायला गेले तर तुम्ही झोपला होतात. मग राहूनच गेलं.

मला तुमचा राग आहे, हेही लिहून ठेवते. पुढच्या वर्षी रिटायर होणार होतात. दिवसभर घरी राहणार होतात. आपण ठरवलं होतं, मागं कौलं टाकून मोठं खुराडं करायचं, दुपारी दोघींनी पायरीवर बसायचं. मी इतकी वर्षं दुपारी एकटी बसले ती या हिशेबावर. आणि तुम्ही ऐन वेळी गेलात. शिस्तीच्या बाई म्हणे.

तुम्ही गेलात त्यानंतर दोन-तीन दिवस कोंबड्यांना कोणी सोडलंच नाही असं मला वाटत होतं. माझं भान नव्हतं. मग कळलं, कोकिळाबेन रोज उजाडता येऊन खुराडं उघडत होत्या. हात लागू नये म्हणून काठीनं कडी काढायच्या, पण काढायच्या. मीनू सांगत होती, परवा काठी विसरल्या तर हातानंच काढली, आणि मग हात न धुताच उभ्या राहिल्या बघत.

आज दुपारी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. “सुनंदाबेन, फोन! तलासरीवरून!” फोन त्यांच्याकडंच येतात आपले. मी पदराला हात पुसत गेले. त्या समोर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या.

“हॅलो, झरीच्या बाई का?” पोल्ट्रीचा मॅनेजर होता. “परवा शेड खाली करतोय. गाडी यायच्या आधी या. किती ठेवू?”

त्याला कोणी कळवलं नव्हतं. सांगायला हवं होतं मी. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. कोकिळाबेनचे हात शेंगांवर थांबले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं आणि न बोलता हात वर केला. दोन बोटं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणजे दोन त्यांच्या.

“बाई? किती? नेहमीच्या सहा ना?”

“आठ,” मी म्हटलं.

“बाई, आवाज बसलाय का तुमचा?”

“हो,” मी म्हटलं, “जरा बसलाय. आठ बाजूला ठेवा.”